युनियन की लीग? जोनाथन डेव्हिसच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यासाठी

जोनाथन डेव्हिस रग्बीच्या युनियन आणि लीग या दोन्ही प्रकारांत अव्वल ठरला, आणि म्हणूनच त्याचं उदाहरण फसवं आहे. युनियन सोडून लीगचा करार घ्यायचा विचार करणारा वेल्सचा तरुण फ्लाय-हाफ (पास आणि किकने संघाचा खेळ चालवणारा) त्याच्याकडे पाहून 'मलाही जमेल' म्हणतो. पण डेव्हिस जी जागा खेळत मोठा झाला, ती जागा त्याला लीगमध्ये लगेच मिळालीच नाही. निर्णय घेताना आधी हे लक्षात घ्यावं.

ट्रिमसारन या कारमार्थनशरमधल्या गावात १९६२ मध्ये त्याचा जन्म झाला. नीथ क्लबकडून खेळत असताना एप्रिल १९८५ मध्ये तो इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून पहिला सामना खेळला. त्यात त्याने एक ट्राय केला (चेंडू समोरच्या ट्रायरेषेपलीकडे टेकवला) आणि एक ड्रॉप गोल (चेंडू टप्पा पाडून गोलखांबांमधून किक) मारला. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात वेल्स तिसरा आला, १९८८ मध्ये ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांवर विजय) मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली वेल्स कार्डिफमध्ये रोमानियाकडून ९-१५ असा हरला. जानेवारी १९८९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तो विडनेस या लीग क्लबकडे गेला. करार सव्वादोन लाख पौंडांच्या आसपासचा होता आणि तेव्हाच्या मानाने ही विक्रमी रक्कम होती.

आता दोन्ही खेळ शेजारीशेजारी ठेवू, आणि सुरुवात गुणांपासून करू, कारण फ्लाय-हाफची किंमत तिथेच बदलते. युनियनमध्ये आज ट्रायला ५, कन्व्हर्जनला (ट्रायनंतरच्या किकला) २, पेनल्टीला ३ आणि ड्रॉप गोललाही ३ गुण आहेत. लीगमध्ये ट्रायला ४, कन्व्हर्जन व पेनल्टी दोन्हींना २ आणि साध्या ड्रॉप गोलला १. फेब्रुवारी १९८८ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध डेव्हिसने दोन ड्रॉप गोल मारले आणि वेल्स २५-२० ने जिंकला. ते दोन ड्रॉप लीगमध्ये सहा नव्हे, दोनच गुणांचे झाले असते. ज्याची निम्मी कमाई पायातून येते, त्याने हा हिशेब करारातल्या रकमेइतकाच बारकाईने पाहावा.

मैदान घेण्याची रीतही वेगळी आहे. युनियनमध्ये पेनल्टी टचबाहेर मारली की लाइन-आउटचा (बाजूच्या रेषेवरून आत फेकायचा) चेंडू आपलाच, आणि स्वतःच्या २२ मीटर रेषेच्या आतून थेट बाहेर मारलेली किक चालते. चांगला फ्लाय-हाफ त्या जोरावर पूर्ण सामना चालवतो. लीगमध्ये लाइन-आउट नाहीच. सहा टॅकलचा (चेंडूवाल्याला पकडून अडवण्याचा) एक संच असतो (क्रिकेटच्या षटकासारखा समजा), आणि बहुतेक किक पाचव्या टॅकलनंतर होते. त्या किकने एक तर समोरच्याला कोपऱ्यात दाबायचं, नाहीतर ट्रायरेषेजवळ जमिनीलगत ग्रबर सोडायचा. युनियनमधला ५०:२२ आणि लीगमधला ४०/२० हे नियम मात्र सख्खे भाऊ: चेंडू ठरलेल्या रेषेमागून मारून, टप्पा पाडून पलीकडच्या रेषेपुढे बाहेर घालवला की ताबा आपल्याकडे.

खरी परीक्षा बचावात होते. लीगमध्ये तेरा खेळाडू असतात आणि फ्लँकर (स्क्रमच्या कडेचे फॉरवर्ड) नसतात. युनियनमध्ये फ्लाय-हाफवर येणारा धावक बऱ्याचदा फ्लँकर अडवतो. लीगमध्ये तो आडोसा जातो, आणि मोठे धावक स्टँड-ऑफच्या (लीगमधल्या फ्लाय-हाफच्या) खांद्यावर मुद्दाम पाठवले जातात, कारण दमलेल्या माणसाच्या हातून आक्रमण नीट होत नाही. प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे पळायचं आणि लगेच पुढे यायचं. युनियनमधून आलेला खेळाडू पहिल्या वीस मिनिटांत वेगाने चमकतो आणि साठाव्या मिनिटाला त्याचे पाय जड होतात, ते याच जा-ये मुळे. दम कमी पडतो असं त्याला वाटतं, पण त्याने सराव वेगळ्या प्रकारच्या दमाचा केलेला असतो.

म्हणूनच विडनेसचे प्रशिक्षक डग लॉटन यांनी डेव्हिसला बदली खेळाडू म्हणून उतरवून सुरुवात केली. तिथल्या वर्षांत तो मुख्यतः सेंटर, विंग आणि फुलबॅक या बाहेरच्या जागांवर खेळला. बाहेरच्या जागेवर टॅकल कमी, मोकळी जागा जास्त, आणि लीगचा खेळ समोरून दिसतो. स्टँड-ऑफची जागा त्याला पुढे वॉरिंग्टनमध्ये जास्त मिळाली. तिथे १९९४ मध्ये तो मॅन ऑफ स्टील, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ऑक्टोबर १९९४ मध्ये वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा त्याचा ट्रायही फुलबॅक म्हणून आला. शॉन एडवर्ड्सला मैदानाबाहेर काढल्यामुळे ग्रेट ब्रिटन बारा जणांवर खेळत होतं. डेव्हिस बाहेरच्या बाजूने वळसा घेत सुटला आणि सामना ८-४ ने जिंकला. तो वळसा त्याने लहानपणापासून युनियनमध्येच घोटलेला होता. लीगने त्याला तो वापरायला जागा दिली.

याआधीही हेच घडलं होतं. १९६६ च्या दौऱ्यात ब्रिटिश लायन्सचं (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक युनियन संघाचं) कसोटीत नेतृत्व केलेला न्यूपोर्टचा फ्लाय-हाफ डेव्हिड वॉटकिन्स १९६७ मध्ये सॅलफर्डला गेला. स्टँड-ऑफवरून तो सेंटरकडे आणि पुढे फुलबॅककडे सरकला, आणि १९७२-७३ च्या एका हंगामात त्याने २२१ गोल मारले. दोघेही युनियनचे उत्तम फ्लाय-हाफ, आणि लीगमध्ये दोघांचं बस्तान बाहेरच्या जागांवर बसलं. उलट उदाहरण टेरी होम्सचं. कार्डिफचा हा दणकट स्क्रम-हाफ १९८५ च्या अखेरीस ब्रॅडफर्ड नॉर्दर्नकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याचा खांदा निखळला. आधीच दुखावलेलं शरीर घेऊन लीगमध्ये जाणाऱ्याने ही बाब नजरेआड करू नये. वैद्यकीय तपासणीत खांदा आणि गुडघा यांबद्दल काहीही लपवू नका.

परतीचा हिशेब आता वेगळा आहे. १९९५ पूर्वी लीगचे पैसे घेतले की युनियनचे दरवाजे कायमचे बंद. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं आणि ते उघडले. डेव्हिस त्याच वर्षी ३३ व्या वर्षी कार्डिफला परतला, वेल्सकडून पुन्हा खेळला, आणि मार्च १९९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध जुन्या नॅशनल स्टेडियमवर शेवटचा सामना खेळला. एकूण ३२ कसोटी, पण त्यांतल्या बहुतेक जाण्याआधीच्या.

स्कॉट गिब्सचा आलेख याच्या उलट आहे, आणि सेंटर असाल तर डेव्हिसपेक्षा त्याच्याकडे पाहा. स्वान्सीहून १९९४ मध्ये २३ व्या वर्षी तो सेंट हेलन्सला गेला, १९९६ मध्ये चॅलेंज कप (लीगची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला आणि त्याच वर्षी परतला. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लायन्सचा मालिकावीर तोच. एप्रिल १९९९ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडच्या बचावफळीतून वाट काढत त्याने केलेल्या ट्रायमुळे आणि त्यावरच्या नील जेंकिन्सच्या कन्व्हर्जनमुळे वेल्स ३२-३१ ने जिंकला. सेंटरचं काम दोन्हीकडे बरंचसं एकच: सरळ रेषेत वेगाने येणं, ताकदीने भिडणं, समोरासमोर टॅकल करणं. लीग त्याला धार देते. फ्लाय-हाफचं युनियनमधलं काम म्हणजे स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डची रेटारेटी), लाइन-आउट आणि रकवरून (जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या झटापटीवरून) क्षणात निर्णय घेणं. ते सहा-सात वर्षं बाजूला ठेवलं की बोथट होतं. प्रॉपला (स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूला) तर लीगच्या स्क्रममध्ये खरी झुंज मिळतच नाही. तरीही डेव्हिड यंग लीगमधून परतून १९९७ आणि २००१ च्या लायन्समध्ये गेला. ते शक्य आहे, फक्त सर्वांना जमेल असं धरून चालू नका.

घराचाही विचार हवा. वेल्समध्ये सध्या सुपर लीगचा (लीगच्या अव्वल स्पर्धेचा) संघ नाही, म्हणजे राहायचं बहुधा लँकेशर किंवा यॉर्कशरमध्ये. लीगचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते ऑक्टोबर, युनियनचा सप्टेंबर ते जून. जूनमध्ये करार केलात तर पूर्वतयारीशिवाय ऐन हंगामात उतरावं लागतं. शक्य असेल तर नोव्हेंबरची सुरुवात मागा. वेल्सबाहेर खेळणाऱ्या युनियन खेळाडूंसाठी राष्ट्रीय निवडीची अट २०२३ मध्ये वेल्सकडून खेळलेल्या ६० सामन्यांवरून २५ वर आली. पुढे इंग्लंड किंवा फ्रान्समधल्या युनियन क्लबमधून परतायचं असेल, तर जाण्याआधी तुमचे किती सामने झालेत हे महत्त्वाचं. चार-पाच सामन्यांवर असाल, तर परत येताना वेल्समधलाच क्लब धरावा लागेल.

माझा कौल असा. सेंटर किंवा विंग, वय २४ च्या आत, खांदे धड: दोन-तीन वर्षांचा करार घ्या. फ्लाय-हाफ असाल तर लीगच्या प्रशिक्षकाला आधी विचारा की पहिल्या दहा सामन्यांत कुठल्या जागी खेळवणार. उत्तर 'स्टँड-ऑफ' आलं तर सावध व्हा. 'फुलबॅक' आलं तर त्या प्रशिक्षकाला खेळ कळतो. प्रॉप असाल आणि युनियनमध्येच परतायचं मनात असेल, तर जाऊ नका.

जायचं ठरलंच, तर निघण्याआधीच्या सहा आठवड्यांत एक सवय मोडायला लागा. युनियनमध्ये टॅकल झाल्यावर आपण चेंडू मागे ठेवून लगेच सोडतो. लीगमध्ये तो सुटला की चेंडू समोरच्यांचा. पोटावर, कोपर-गुडघ्यांवर पडायचं, चेंडू धरून उभं राहायचं आणि पायाने मागे ढकलायचा. रोज तीस वेळा करा, अर्धे धावून दमल्यावर, कारण ताजेतवाने असताना ही चूक होत नाही.