नाशिकहून नेपाळ: स्वतःची इलेक्ट्रिक गाडी न्यावी, की तिकडे जाऊन करावी?

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला जायचं मावसभावाचं पक्कं झालंय. अडलंय ते एका गोष्टीवर: दारातली इलेक्ट्रिक गाडी घेऊन निघायचं, की विमानाने काठमांडूला उतरून तिथेच गाडी करायची? आम्ही दोन्ही प्रकारे जाऊन आलोय. आधी विमानाने, मग गेल्या नोव्हेंबरात आमच्या ४५ युनिटांच्या बॅटरीच्या गाडीने पोखरापर्यंत. म्हणून त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात पंधरा दिवस असतील तर गाडी न्या, दहाच असतील तर नेऊ नका. चार्जर, घाट, बॅटरी हे प्रश्न त्यानंतरचे.

नाशिक ते सोनौली, म्हणजे नेपाळ सीमेवरचं आपल्याकडचं गाव, हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे. आग्रा रोडने राहुड घाट, मालेगाव, धुळे, मग बिजासन घाट उतरून-चढून इंदूर, पुढे झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर. पेट्रोलची गाडी दोन चालक असतील तर अडीच दिवसांत सीमेवर नेते. इलेक्ट्रिकला मी चार दिवस धरतो. हायवेवर ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने, एसी लावून, सामानासकट आमची गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर देत होती. बॅटरी दहा टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही आणि पंच्याऐंशीच्या वर फास्ट चार्जरवर वेळ घालवायचा नाही, असं ठरवलं की एका टप्प्यात सव्वादोनशे किलोमीटर पडतात. म्हणजे जाताना सात थांबे, प्रत्येकी तासाभराचे. मुक्कामाच्या हॉटेलात रात्री गाडी लावता आली तर त्यातले दोन-तीन कमी होतात, म्हणून हॉटेल बुक करताना पार्किंगजवळ १५ अँपियरचा पॉइंट आहे का हे फोन करूनच विचारा. ॲपवरच्या खुणेवर विसंबू नका.

हे कळकळीने सांगतोय, कारण आम्ही त्यात फसलो. झाशीच्या अलीकडे ॲपमध्ये चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता आणि बॅटरी चौदा टक्क्यांवर होती. शेवटी एका ढाब्यावर घरचा चार्जर लावून चार तास बसलो. ढाबेवाल्याने पोरांना पराठे खाऊ घातले आणि विजेचे पैसे घ्यायला तयार होईना. आठवण छान आहे, पण त्या दिवसाचं वेळापत्रक गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझा नियम आहे: पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्यापुढच्यापर्यंत पोहोचता येईल एवढी बॅटरी शिल्लक हवी.

पैशाचं म्हणाल तर जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून साधारण ३७०० किलोमीटर होतात. त्याला सुमारे ५७० युनिटं लागतात. फास्ट चार्जिंगचा दर सरासरी वीस रुपये धरला तर साडेअकरा हजार रुपये. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला अडीचशे लिटरच्या जवळपास पेट्रोल लागतं, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. पण इलेक्ट्रिकमुळे वाटेत मुक्काम वाढतात आणि हॉटेलांचं बिल त्या बचतीतला बराच भाग खातं. केवळ पैसे वाचतील म्हणून ही गाडी नेऊ नका.

आता सीमेपलीकडचं. इथे माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटत होतं, खरी परीक्षा नेपाळमध्ये होईल. झालं उलटंच. नेपाळ पेट्रोल-डिझेल सगळं बाहेरून आणतो आणि वीज मात्र नद्यांवर स्वतः बनवतो. त्यामुळे तिथे अलीकडे नव्या मोटारींमध्ये इलेक्ट्रिकचंच प्रमाण मोठं आहे. काठमांडू, पोखरा, चितवन या पट्ट्यात इलेक्ट्रिक मायक्रोबस प्रवासी घेऊन धावतात आणि जिथे त्या जेवायला थांबतात तिथे चार्जर असतोच. नेपाळ विद्युत प्राधिकरणाची स्वतःची स्टेशनंही आहेत. पाहायचं एवढंच, की आपल्या गाडीला सीसीएस-टू गन (चार्जरच्या तारेचं गाडीत खुपसायचं टोक) लागते आणि तिथे काही ठिकाणी चिनी पद्धतीची जीबी/टी गनही असते. गाडी लावण्याआधी गन बघून घ्या. घरचा चार्जर मात्र बिनधास्त न्या, कारण तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आणि आपले गोल पिनांचे प्लग तिथे चालतात.

घाटाची भीती सगळ्यांना असते. बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग पाल्पाकडे चढतो, चाळीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त. साडेसतराशे-अठराशे किलो वजनाची गाडी हजार मीटर उचलायला साधारण पाच युनिटं लागतात, हे साधं गणित आहे. एरवीच्या वापराच्या वर ही पाच युनिटं धरायची, म्हणजे चढ संपताना काटा बघून छातीत धस्स होत नाही. तानसेनहून, म्हणजे पाल्पाच्या मुख्य गावाहून, कालीगंडकी नदीवरच्या रामदीच्या पुलाकडे उतरताना त्यातली बरीच वीज बॅटरीत परत येते आणि ब्रेकही तापत नाहीत. कसारा घाट किंवा सापुतारा इलेक्ट्रिकने चढला-उतरला असाल तर तुम्हाला हे नवीन नाही. सोनौली ते पोखरा जेमतेम १८० किलोमीटर आहे. गोरखपुरात पूर्ण चार्ज करून निघा आणि पाल्प्यात जेवताना थोडी भर घाला.

कागदपत्रं तुलनेने सोपी आहेत. युरोपकडे गाडी न्यायची तर कार्नेट नावाचा जामिनाचा कागद करावा लागतो, नेपाळला तो लागत नाही. सीमेवर भन्सार भरायचा, म्हणजे गाडी जितके दिवस आत राहणार तितक्या दिवसांचं शुल्क. एक-दोन दिवस जास्तीचेच भरा, कारण मुदत उलटली तर दंड बसतो. खाजगी गाडीला वर्षात ३० दिवसांची मर्यादा आहे. आरसी आणि आपलं लायसन्स चालतं, पीयूसीची कटकट इलेक्ट्रिकला नाहीच. गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं संमतिपत्र न्या. माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना, हे नाक्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

विम्याकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपली मोटार पॉलिसी एरवी भारताच्या हद्दीपुरती असते. थोडा जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतानसाठी वाढवून मिळते. निघण्याच्या आठवडाभर आधी एजंटाकडून तसं लेखी घ्या. गाडी बंद पडली तर टो करून नेण्याची कंपनीची सेवा सीमेपलीकडे आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

विमानाने गेलात तर यातलं काहीच करावं लागत नाही. ओझरहून दिल्ली आणि तिथून काठमांडू, किंवा मुंबईहून थेट. तिथे चालकासकट इलेक्ट्रिक गाडी मिळते. तो रस्ते ओळखतो, दरड कुठे पडलीय हे त्याला ठाऊक असतं आणि चार्जिंगची चिंता त्याची. जे गमावतो ते म्हणजे वाटेत मनाला येईल तिथे थांबणं. चालक थांबतो, पण त्याला आपण सांगावं लागतं, आणि चार माणसांना चार ठिकाणी थांबायचं असलं की बोलायला संकोच वाटतो. आमच्या पहिल्या सहलीत हीच रुखरुख राहिली होती.

मधला एक मार्ग मला फार आवडतो आणि तो फारसं कुणी सुचवत नाही. नाशिकरोडहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठायचं, पुढे सीमेपर्यंत टॅक्सी, पायी नाका ओलांडायचा आणि भैरहव्याहून नेपाळी इलेक्ट्रिक गाडी करायची. दमवणारं दीड हजार किलोमीटरचं अंतर रेल्वे झोपेत कापते आणि सुंदर रस्ता तेवढा आपल्या वाट्याला उरतो. लुंबिनी तर भैरहव्याच्या शेजारीच.

भूतानचा विचार असेल तर स्वतःची गाडी नेऊ नका, असंच मी म्हणेन. भारतीय पर्यटकाला माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहेच, शिवाय फुंतशोलिंग या सीमेवरच्या भूतानी गावाच्या पुढे गाडी न्यायची तर तिचे दिवसाला ४५०० वेगळे. सहा दिवसांचे गाडीचेच २७,००० झाले आणि नाशिकहून अंतरही दोन हजार किलोमीटरच्या वर. सीमेला लागून आपल्या बाजूला असलेल्या जयगावहून तिकडचीच टॅक्सी करा.

नॉर्वेबद्दलही विचारणा होते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे भाड्याच्या गाडीला चार्जर शोधत फिरावं लागत नाही. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, तो वर्षभर चालतो. तिथे गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, तेव्हा पहिल्या दिवशी विमानातून उतरल्या उतरल्या चाक हातात घेऊ नका. खर्चाची तुलना नेपाळशी होऊच शकत नाही.

मावसभावाकडे अकरा दिवस आहेत, आणि सोबत सत्तरीची मावशी. तिला लुंबिनी पाहायचीच आहे आणि गाडीत तीन तासांवर बसलं की तिचे गुडघे धरतात. मी त्याला रेल्वेचं सुचवलंय. दिवाळीतली उत्तरेकडची गाडी म्हणजे तिकीट खिडकी उघडेल त्याच सकाळी काढायला हवं, आणि मावशीला खालचा बर्थ.