लिनक्सवर बसून विंडोजसाठी व्हीएलसी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ताईला ऐकू कमी येतं. सिनेमा बघताना एखादी सबटायटल हुकली की ती स्लायडर मागे ओढायची आणि नेमकी जागा काही सापडायची नाही. एक कळ दाबली की मागच्या सबटायटलच्या सुरुवातीला जाता यावं, एवढा बदल मी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या कोडच्या ३.० शाखेत केला. काम दोन संध्याकाळचं होतं. पण तिचा लॅपटॉप विंडोजचा आणि माझा लिनक्सचा, म्हणून क्रॉस-कंपायलिंग, म्हणजे एका सिस्टिमवर बसून दुसरीसाठी प्रोग्रॅम बांधणं, शिकले. गेले आठ महिने दर थोड्या आठवड्यांनी तिच्यासाठी नवं बिल्ड काढतेय.

हा आडमार्ग नाही. व्हीएलसीची अधिकृत विंडोज आवृत्तीही लिनक्सवरच, मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या टूलचेनने (विंडोजचे प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर आणि सोबतची अवजारं) बांधली जाते. त्यासाठीची स्क्रिप्ट सोर्समध्येच असते. ६४ बिट की ३२ बिट हे सांगितलं की लागणारी अवजारं, लायब्ररी, कॉन्फिगर (बांधणीची तयारी) आणि मेक (प्रत्यक्ष बांधणी) ती ओळीने उरकते.

खरा वेळ खातं ते 'कॉन्ट्रिब', म्हणजे व्हीएलसीला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी. एफएफएमपेग, डेव्हिड (dav1d), लिबअ‍ॅस, फ्रीटाइप, क्यूटी अशा लायब्ररींची मोठी फौज, आणि प्रत्येक विंडोजसाठी वेगळी बांधायची. मी हट्टाने पहिल्यांदा सगळं सोर्सपासून बांधायला घेतलं. रात्रभर मशीन चालू होतं आणि पहाटे एका लायब्ररीपाशी बिल्ड अडकलं. आता स्पष्ट सांगते: तुम्हाला लायब्ररीतच बदल करायचा नसेल तर व्हीएलसीमागची व्हिडिओलॅन ही संस्था देते ते तयार कॉन्ट्रिब उतरवून घ्या. स्क्रिप्टला त्याचा पर्याय आहे.

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते लिनक्स आणि विंडोज ही दोन जगं एकमेकांत मिसळल्यामुळे. ऑटोटूल्स या बांधणीच्या अवजारांमध्ये 'बिल्ड' म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल चाललंय ते, आणि 'होस्ट' म्हणजे जिथे प्रोग्रॅम शेवटी चालणार ते. मी होस्ट म्हणजे माझंच मशीन समजून बसले होते. ते सुधारलं, तर पुढे पीकेजी-कॉन्फिगने, म्हणजे लायब्ररी कुठे आहेत ते शोधून देणाऱ्या अवजाराने, घोळ घातला. एकदा स्क्रिप्ट बाजूला ठेवून कॉन्फिगर हाताने चालवलं. ते बिनतक्रार पार पडलं, पण लिंकिंगला, म्हणजे शेवटी सगळे तुकडे जोडताना, सगळं कोसळलं, कारण त्याने माझ्या लिनक्सवर बसवलेलं फ्रीटाइप उचललं होतं. पीकेजी-कॉन्फिग-पाथ या व्हेरिएबलमध्ये दिलेली जागा मूळ यादीच्या आधी शोधली जाते, पण मूळ यादी तशीच राहते. पीकेजी-कॉन्फिग-लिबडिर मात्र ती यादीच बदलून टाकतं. क्रॉस-कंपायलिंगला हे लिबडिरवालंच हवं. हे कळायला मला जवळजवळ आठवडा लागला, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

डेबियनवर मिंगडब्ल्यू कंपायलर थ्रेड्स (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) सांभाळण्याच्या पद्धतीनुसार दोन प्रकारांत मिळतो, विन३२ थ्रेड्सचा आणि पॉझिक्स थ्रेड्सचा. त्याच्या मुळाशी असलेला जीसीसी कंपायलर १३ च्या आधीचा असेल तर पॉझिक्सवाला घ्या. विन३२ वाल्यात सी++ चे स्टँडर्ड थ्रेड मिळत नाहीत. आणि स्वतःच्या कोडमध्ये विंडोजच्या हेडर फाइलचं नाव (windows.h) सगळं लहान अक्षरांत लिहा. विंडोजला मोठं डब्ल्यू चालतं, लिनक्सच्या फाइलसिस्टिमला ती वेगळीच फाइल वाटते.

व्हीएलसीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची बांधणी. गाभा छोटा, बाकी जवळपास सगळं प्लगिन, म्हणजे वेगळे जोडायचे तुकडे. माझ्या नंतरच्या दुरुस्त्या बहुतेक कळा सांभाळणाऱ्या एकाच प्लगिनमध्ये होत्या. तेवढंच पुन्हा बांधायचं आणि ती एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) ताईला पाठवायची. दोन अटी आहेत: प्लगिन आणि गाभा एकाच आवृत्तीचे हवेत, आणि फाइल बदलल्यावर प्लगिनची कॅशे (त्यांची आधीच करून ठेवलेली यादी) नव्याने तयार करायची. कॅशेची फाइल नुसती पुसली तरी प्लेअर चालतो, पण प्रत्येक वेळी सगळी प्लगिन्स तपासत बसतो आणि उघडायला उशीर लागतो.

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघणं सोयीचं आहे: खिडकी उघडते का, मेनू दिसतात का, माझी कळ काम करते का. त्यापलीकडे त्यावर विसंबू नका. ग्राफिक्स कार्डकडून होणारं डीकोडिंग खऱ्या विंडोजवरच तपासावं लागतं. एखादी डीएलएल सापडत नाही अशी तक्रार आली, तर ऑब्जडंप या अवजाराने त्या बायनरीला कोणकोणत्या डीएलएल लागतात ते आधी बघा. माझ्याकडे बहुधा विनपीथ्रेड या थ्रेड्सच्या लायब्ररीची राहिलेली असायची. आणि स्ट्रिप न केलेली, म्हणजे डीबगिंगची माहिती काढून न टाकलेली, एक प्रत जपून ठेवा. ताईकडे प्लेअर बंद पडला तेव्हा क्रॅशमधल्या पत्त्यावरून नेमकी ओळ मला त्या प्रतीमुळेच सापडली.

ताई आता एआरएम प्रोसेसरचा लॅपटॉप घेणार म्हणतेय. त्यासाठी एलएलव्हीएम-मिंगडब्ल्यू ही क्लँग कंपायलरवर आधारलेली टूलचेन कालच उतरवून ठेवली.