वापरलेली पोर्श ९११: १९८७ सालाचा आग्रह किती धरावा?

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी पोर्श ९११ घ्यायची म्हटले की जाणकार बहुधा १९८७ ते १९८९ या तीन वर्षांची शिफारस करतात, आणि गिअरबॉक्सपुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे रास्त आहे. १९८४ साली आलेल्या ३.२ कॅरेरामध्ये, म्हणजे ९११ च्याच ३.२ लिटर इंजिनाच्या मॉडेलमध्ये, सुरुवातीला ‘९१५’ नावाचा जुनाच गिअरबॉक्स होता. १९८७ च्या मॉडेलपासून त्याच्या जागी जी५० आला आणि क्लचही केबलऐवजी हायड्रॉलिक झाला. गाडी थंड असताना ९१५ ला घाई खपत नाही, आणि सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या कड्या) झिजलेले असतील तर सावकाश टाकलेला दुसरा गिअरही करकरतो. जी५० असे लाड मागत नाही. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नाही: रिव्हर्स डावीकडे पुढे पडत असेल तर जी५०, उजवीकडे मागे पडत असेल तर ९१५. ही खात्री करावीच, कारण १९८७ साली नोंदणी झालेली गाडी १९८६ चे मॉडेल असू शकते. सतरा अक्षरी चासी क्रमांकातले दहावे अक्षर ‘जी’ असेल तर मॉडेल १९८६ चे, ‘एच’ असेल तर १९८७ चे.

तरीही केवळ गिअरबॉक्ससाठी चढी किंमत मोजावी, हे मला पटत नाही. या गाडीचे आयुष्य वाढवणारे बदल त्याआधीच होऊन गेले होते. १९७६ च्या मॉडेलपासून बॉडीला जस्ताचा लेप दिलेला पत्रा आला आणि गंजाचा उपद्रव बराच आटोक्यात आला. अर्थात अपघातानंतर कशीबशी डागडुजी केलेल्या गाडीला या लेपाचा फारसा उपयोग नाही. २.७ लिटर इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून (इंजिनाच्या मुख्य कवचातून) हेडचे स्टड, म्हणजे सिलिंडरचे हेड आवळून धरणारे लांब बोल्ट, उपसून येत. १९७८ च्या एससी या ९११ च्या मॉडेलमध्ये ३ लिटरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेससह आले आणि ती तक्रार मागे पडली, मात्र एससीचे खालच्या बाजूचे स्टड तुटतात, हे तपासणीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल १९८४ चा आहे. व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा तोपर्यंतचा टेन्शनर निकामी झाला की चेन सैल पडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असे. कॅरेरामध्ये त्याला इंजिनाच्याच तेलाचा दाब मिळू लागला. हीच व्यवस्था जुन्या एससीवरही बसवता येते, आणि अनेकांनी ती बसवून घेतलेली आहे.

ताकदीवरून वर्ष निवडू नये. युरोपातल्या ३.२ कॅरेराची ताकद २३१ अश्वशक्ती होती, अमेरिकेतल्या गाड्यांची आधी २०७ आणि १९८७ पासून २१७; एवढ्याने निवड फिरावी असे काही नाही.

म्हणून माझी पसंती १९८४ ते १९८६ च्या कॅरेराला आहे, मात्र ९१५ निरोगी हवा. तेही खिशाला जड जात असेल तर नवा टेन्शनर बसवलेली आणि देखभालीची सर्व कागदपत्रे असलेली १९८३ ची एससी मी कागदपत्रांविना विकायला आलेल्या १९८८ च्या कॅरेरापेक्षा आधी घेईन. ३.२ च्या इंजिनात व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो त्या नळ्या) झिजतात आणि तेल जळू लागते, तेव्हा सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (दाबाने भरलेली हवा किती गळते ते पाहणारी) झाल्याशिवाय कोणत्याही वर्षाच्या गाडीचा सौदा पक्का करू नये.