बोलका कुरआन पेन: घरी आणि मकतबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक वर्गात, काही महिने वापरल्यानंतर

घाईत असाल तर एवढंच वाचा. हा पेन ऐकवायला उत्तम, शिकवायला अपुरा आणि तपासायला निरुपयोगी आहे. ज्याचं नाजिरा, म्हणजे बघून वाचणं, पक्कं झालंय अशा मुलाला तो खरोखर मदत करतो. कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीची पहिली पुस्तिका, चालू असलेल्या मुलाला एकट्याला देऊन घरचे निर्धास्त झाले, तर जे बिघडतं ते सुधारायला उस्तादला, म्हणजे मकतबातल्या शिक्षकाला, दुप्पट वेळ लागतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाजारातल्या बहुतेक पेनांचं यंत्र एकाच जातीचं आहे. पानावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक काळे ठिपके छापलेले असतात, पेनच्या टोकाशी असलेला सेन्सर त्यांची रचना वाचतो आणि आतल्या मेमरीतली त्या आयतची, म्हणजे कुरआनातल्या त्या वाक्याची, फाइल वाजवतो. म्हणजे पेन अरबी वाचत नाही, ठिपके वाचतो. तो फक्त सोबत आलेल्या मुसहफवर, म्हणजे कुरआनच्या छापील प्रतीवर, चालतो. घरातल्या जुन्या कुरआनवर चालत नाही, झेरॉक्सवर चालत नाही, आणि पानांना प्लॅस्टिक चढवलंत तर चकाकीमुळे अडखळतो.

याचा एक परिणाम खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. हिफ्ज, म्हणजे कुरआन तोंडपाठ, करणाऱ्या मुलांच्या मुसहफवर उस्ताद चुकीच्या जागी शिसपेन्सिलीने खूण करतात. हे ठिपके शाईतल्या कार्बनमुळे वाचले जातात आणि शिसपेन्सिल म्हणजेही कार्बनच. जिथे मूल सतत चुकतं तिथे खुणा जास्त, आणि नेमक्या त्याच आयतवर पेन मुका होतो. लाल किंवा हिरवी रंगीत पेन्सिल वापरली की अडचण संपते. आधी केलेल्या खुणा मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा. घासू नका, ठिपकेही निघतात.

आता मूळ प्रश्न: मुलाला याची गरज कशासाठी? सात वर्षांचं झालं की मुलाला नमाज पढायला सांगावी, असं हदीसमध्ये आहे. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, १७ होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचं पहिलं प्रकरण, असते. कोकणातली बहुतेक मुस्लिम वस्ती शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या धर्मशास्त्राची परंपरा पाळणारी, आहे. तिथे तर इमामच्या मागे उभं असतानाही फातिहा स्वतः पढावी लागते. म्हणजे फातिहातलं एक अक्षर चुकीचं बसलं की ते रोज किमान १७ वेळा घोटलं जातं. सहाव्या-सातव्या वर्षी मखरज, म्हणजे अक्षर निघायची जागा, सुधारून घेणं आठवड्यांचं काम असतं. पंधराव्या वर्षी तेच काम वर्ष खातं. मूल पुढे हाफिज, म्हणजे सगळं कुरआन पाठ असलेलं, होवो न होवो, एवढं दीनी शिक्षण टाळता येत नाही. शाफई फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) किताबांत फातिहातल्या १४ तश्दीद, म्हणजे अक्षर दुहेरी करायच्या खुणा, मोजून दिलेल्या असतात त्या उगाच नाहीत. मुलाकडून फातिहा ऐकताना बोटांवर तश्दीद मोजा, 'इय्याका'मधली हमखास गळालेली सापडेल.

मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत. ज़ाल, ज़े, ज़ोय आणि ज़ाद ही चार अक्षरं एकाच 'ज'वर येतात, तोही कधी 'जग'मधला तर कधी 'जेवण'मधला. से, सीन आणि स्वाद यांचा एक 'स' होतो. मोठा काफ आणि छोटा काफ सारखेच निघतात. ऐनचा अलिफ होतो, गळ्यातला 'ह' छातीतून येतो. पेन इथे योग्य आवाज ऐकवतो, पण जीभ कुठे लावायची ते दाखवत नाही, आणि मुलाला आपण तसंच म्हणतोय असं प्रामाणिकपणे वाटतं. ज़ादला जिभेची कड वरच्या दाढांना लागते. ते उस्तादच्या तोंडाकडे बघून आणि आरसा समोर धरून येतं, स्पीकरमधून नाही. पेनसोबत आलेल्या नूरानी कायद्याच्या पुस्तिकेचा उपयोग म्हणून मर्यादित: मकतबात झालेला धडा घरी पुन्हा ऐकण्यापुरता.

याच कारणासाठी देवनागरीत छापलेले पारे, म्हणजे कुरआनचे तीस भाग, मुलांच्या हाती देऊ नयेत. 'जाणणारा' या अर्थाचा अलीम ऐनने लिहितात आणि 'वेदनादायक' या अर्थाचा अलिफने. कुरआनात दोन्ही वारंवार येतात आणि देवनागरीत दोन्ही तंतोतंत एकच दिसतात. मोठ्या माणसांनी नाइलाज म्हणून वापरलं तर समजू शकतो. मुलाला अरबी अक्षरं शिकायला काही महिनेच लागतात, तेवढे द्या.

हिफ्जसाठी पेनचा जो वापर खरोखर जमला तो असा. सबक, म्हणजे रोजचा नवा धडा, सुरुवातीला पाच ओळींचा. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर मूल त्या पाच ओळी बोट ठेवून तीन वेळा नुसतं ऐकतं, तोंड बंद. मग एक आयत पेनने, तीच आयत आपण बघून, असं आठ-दहा वेळा. त्यानंतर, आणि ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, पाठ करण्याआधी तेवढाच भाग उस्तादला किंवा घरातल्या जाणत्याला बघून वाचून दाखवायचा. चूक पाठ होण्याआधी पकडली तर एका मिनिटाचं काम असतं. पाठ झाल्यावर तीच चूक रमजानमधल्या तरावीहच्या नमाजपर्यंत पिच्छा पुरवते. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर पेन बाजूला ठेवून पाठांतर: पहिली ओळ, दुसरी ओळ, मग दोन्ही मिळून, तिसरी, मग तिन्ही मिळून. पाठ करताना पेन अजिबात नको. मूल पेनच्या आवाजात आपला आवाज मिसळतं आणि आपल्याला येतं अशी त्याची समजूत होते.

कारी, म्हणजे कुरआनचं पठण करणारा, निवडताना मिसरचे (इजिप्तचे) महमूद खलील अल-हुसरी घ्या. सावकाश, प्रत्येक मद्द (लांबवलेला स्वर) मोजून घेतलेली, गुन्ना (नाकातला आवाज) पूर्ण. मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांची मुलं मागून म्हणतात ती तिलावत (पठण) पेनमध्ये असेल तर लहानांना तीच लावा. मक्का-मदिनेतल्या हरमच्या इमामांच्या तिलावती ऐकायला सुंदर आहेत, पण वेग मुलाच्या श्वासाबाहेरचा. मूल सूर उचलतं आणि मद्द खातं.

पेनचा सर्वात मोठा दोष त्याच्या रचनेतच आहे. आयतवर टोक ठेवलं की एक आयत वाजते आणि थांबते. त्यामुळे प्रत्येक आयत सुटी पाठ होते आणि सांधे कच्चे राहतात. असं मूल आयत सुरू करून दिली की धडधडत म्हणतं, पण तिच्या शेवटावर येऊन उभं राहतं, पुढची कोणती ते आठवत नाही. उपाय दोन. पेनमध्ये सलग पान वाजवायची सोय असेल तर दोन-तीन दिवसांनंतर तीच वापरा. आणि पाठ करताना आयतचे शेवटचे दोन शब्द आणि पुढच्या आयतचे पहिले दोन शब्द असा जोड वेगळा घोटून घ्या. एका पानात असे आठ-दहा सांधे असतात, पाच-सात मिनिटांत होतात.

थांबण्याच्या जागांचंही तसंच. आपल्याकडच्या छपाईत वक्फच्या, म्हणजे थांबण्याच्या, खुणा असतात: मीम असेल तर थांबायचंच, तोय असेल तर थांबणं चांगलं, जीम असेल तर चालतं, ला असेल तर मध्येच थांबायचं नाही. कारी मोठ्या दमाचे, दोन ओळी एका श्वासात नेतात. मुलाचा श्वास मध्येच संपतो आणि ते कुठेही तुटतं. सबक देतानाच श्वास कुठे घ्यायचा ते रंगीत पेन्सिलीने ठरवून द्या, आणि तुटलं तर दोन शब्द मागे जाऊन पुन्हा जोडायची सवय लावा.

मुतशाबिहात, म्हणजे एकमेकींसारख्या आयती, ही हिफ्जची खरी परीक्षा, आणि तिथे पेन काहीच करत नाही. सूरह बकरहच्या ४८व्या आयतीत आधी 'शफाअत' हा शब्द येतो मग 'अद्ल', १२३व्या आयतीत आधी अद्ल मग शफाअत. बकरहच्या ६२ मध्ये नसारा आधी आणि साबिईन नंतर, सूरह मायदाच्या ६९ मध्ये उलट आणि शेवटही बदललेला, साबिऊन. सूरह अनआमच्या १५१ मध्ये 'नर्ज़ुकुकुम व इय्याहुम', बनी इस्राईलच्या ३१ मध्ये 'नर्ज़ुकुहुम व इय्याकुम'. मूल एका सूरहमधून निघून दुसऱ्या सूरहमध्ये जातं आणि त्याला पत्ताही लागत नाही. यासाठी शंभर पानी वही करा. डाव्या पानावर एक आयत, उजव्या पानावर तिच्यासारखी दुसरी, फरकाचा शब्द लाल शाईत. मुलाने स्वतः लिहिलं तर जास्त टिकतं, आणि अरबी लिहायचा सराव फुकटात होतो.

आता ज्यावर सगळं उभं आहे ते आमोख्ता, म्हणजे जुन्याची उजळणी. कुरआन बांधलेल्या उंटापेक्षाही लवकर निसटतो, असं बुखारीतल्या हदीसमध्ये आहे, आणि हिफ्ज घेणाऱ्या कुठल्याही उस्तादला ते पटवून द्यावं लागत नाही. रोजचे तीन हिस्से असतात: नवा सबक, चालू पारा आणि आमोख्ता. वेळ कमी पडला तर घरचे लोक आमोख्ता सोडतात, कारण नवा सबक झाला की पान पुढे गेल्यासारखं दिसतं. सोडायचाच असेल तर नवा सबक सोडा. पाच पारे होईपर्यंत रोज अर्धा पारा आमोख्ता, त्यानंतर रोज एक. दहा पारे झाले की दहा दिवसांत एक फेरी होते. पारा नेहमीच्या वेगाने म्हणायला अर्धा ते पाऊण तास लागतो, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलाची वेळ आधीच मोजून बघा.

हिशोब सोपा आहे. मदनी मुसहफची, म्हणजे मदिनेत छापलेल्या प्रतीची, ६०४ पानं. वर्षात तीनशे दिवस सबक झाला असं धरा. रोज एक पान म्हणजे दोन वर्षं, अर्धं पान म्हणजे चार, पाच ओळी म्हणजे सहा. आजारपण, परीक्षा आणि उजळणीसाठी थांबलेले आठवडे यात धरलेले नाहीत. शाळा चालू ठेवून दोन वर्षांत हाफिज करून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: आमोख्ता कोण ऐकणार, आणि कधी? प्रत्येक मुलाने हाफिज व्हायलाच हवं असंही नाही. अम्मा पारा (शेवटचा, तिसावा), यासीन, मुल्क, सज्दा आणि कहफ या सूरह पक्क्या, उरलेला कुरआन बघून बिनचूक, वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं) आणि नमाजचे मसले (नियम) पाठ: एवढं मकतबात चांगलं होतं आणि आयुष्यभर पुरतं. अर्धवट हिफ्ज सुटलेल्या मुलाच्या मनात जी अढी बसते ती नाजिराही सोडायला लावते.

मुसहफचा मुद्दा पेनपेक्षा मोठा आहे. पाठांतर डोळ्यांनीही होतं, आयत पानाच्या कुठल्या बाजूला आणि कितव्या ओळीत आहे हे लक्षात बसतं. म्हणून अथपासून इतिपर्यंत एकाच छपाईची प्रत हवी. मदनी १५ ओळींच्या प्रतीत प्रत्येक पान आयतवर संपतं आणि पारा साधारण वीस पानांचा, त्यामुळे सबक मोजायला सोपं. मकतबात १३ किंवा १६ ओळींची आपल्याकडची छपाई चालत असेल आणि पेनसोबत मदनी आली असेल, तर मुलाच्या डोक्यात दोन नकाशे तयार होतात आणि दोन्ही पुसट राहतात. लिपीच्या खुणाही वेगळ्या: मदनीत जज़म (अक्षराला स्वर नसल्याची खूण) वेगळा, नून साकिनच्या (स्वर नसलेल्या नूनच्या) खुणा वेगळ्या. फातिहात मदनी प्रत बिस्मिल्लाहला पहिली आयत म्हणून क्रमांक देते, आपल्याकडच्या प्रती देत नाहीत. शाफई मुलांना आणखी एक सांगावं लागतं. सूरह हजमध्ये सज्दे, म्हणजे आयत पढल्यावर कपाळ टेकायच्या जागा, दोन, आणि सूरह सॉदमधला त्यांच्यासाठी तिलावतीचा सज्दा नाही. पेन सज्द्याच्या आयतीवर तसाच पुढे जातो. भारतीय छपाईत हजच्या दुसऱ्या सज्द्यापाशी समासात शाफईंचा उल्लेख असतो, तो मुलाला दाखवून ठेवा.

यंत्राबद्दल उरलेलं थोडक्यात. मोबाइलच्या जलद चार्जरवर लावू नका, साधा पाच व्होल्टचा पुरतो. काही महिन्यांत बॅटरीचा दम कमी होतो, म्हणून ऐकणं झालं की बंद करा. कोकणात पावसाळ्यात पानं दमट होऊन फुगतात आणि टोक नीट टेकत नाही. मुसहफ जुजदानात (कापडी वेष्टनात) गुंडाळून कपाटात ठेवण्यापेक्षा रहलवर (लाकडी घडीच्या स्टँडवर) हवेशीर जागी ठेवा. डोक्याला तेल लावलेल्या हातांचे डाग पेनला चालतात, पानाला चालत नाहीत. काही पेनांत गाणी भरता येतात आणि रेडिओ असतो. मुलांना हे पहिल्या दिवशी कळतं, मोठ्यांना बऱ्याच उशिरा. कानात घालायचा इअरफोन टाळा, घरातल्यांनाही ऐकू येऊ दे. उर्दू तर्जुमा मराठी शाळेतल्या मुलाला कळत नाही, त्यासाठी मराठी अनुवाद वेगळा ठेवावा.

ऐकून चुका दाखवणारी मोबाइल ॲपंही याच काळात सोबत वापरली. शब्द गळला, आयत उडी मारली, हे ती बऱ्यापैकी पकडतात. स्वादचा सीन झाला ते बहुतेकदा सुटतं. आमोख्त्याला ऐकणारा कुणी नसेल त्या दिवसापुरती ठीक.

घ्यायचाच असेल तर आधी मकतबातल्या उस्तादला विचारा, कुठली छपाई चालते. तीच पेनसोबत मिळत असेल तर घ्या. नसेल तर पेन सोडा, मकतबवालाच मुसहफ घ्या आणि हुसरींची तिलावत साध्या स्पीकरवर लावा. ऐकण्याचं काम तेवढ्यानेही होतं. पेन दोन-तीन वर्षांत बंद पडेल असं धरूनच चाला. तेव्हा हातात उरेल तो मुसहफ, आणि मुलाचे तोवरचे पारे त्याच्याच पानांवर बसलेले असतील.