निक्सओएस: परभणीच्या लाईटीत आठ महिने

चार वर्षं उबुंटू हे लिनक्स वापरलं. तक्रार काहीच नव्हती. पण डिस्क बसली आणि मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर परत जमवण्यात दोन रविवार गेले. कधी काय बसवलं होतं, माझं मलाच आठवेना. त्या वैतागात निक्सओएस हे दुसरं लिनक्स टाकलं.

यात सगळं मशीन एका फायलीत लिहायचं, कॉन्फिगरेशन डॉट निक्स. ओळ लिहून रिबिल्ड (फायलीप्रमाणे सिस्टीम नव्याने बांधायची कमांड) मारलं की वस्तू आली, ओळ खोडून मारलं की गेली. माझ्या फायलीत एचपीलिपच्या (एचपी प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या) ओळीशेजारी शेरा आहे: "हिला हात लावू नको, हिच्याशिवाय प्रिंटर मुका."

मे महिन्यात रिबिल्ड अर्ध्यावर असताना लाईट गेली. आमचा इन्व्हर्टर पंख्यापुरताच. म्हटलं, गेलं मशीन कामातून. लाईट आल्यावर जसं होतं तसं सुरू झालं. नवीन पॅकेजं (म्हणजे प्रोग्राम) निक्स स्टोअर या साठ्यात आपापल्या वेगळ्या फोल्डरात उतरतात, चालू सिस्टीमला धक्का लागत नाही. सगळं तयार झालं की मगच अदलाबदल. पुढे एका अपडेटनंतर वायफायचा डोंगल दिसेना, तेव्हा मशीन सुरू होतानाच्या बूट मेनूतून आदलं जनरेशन निवडलं, म्हणजे आदल्या रिबिल्डची जपून ठेवलेली सिस्टीम. दोन मिनिटांत काम.

आता रडगाणं. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर चालेचना. बाहेरून उतरवलेले तयार प्रोग्राम नेहमीच्या लिनक्सचे फोल्डर गृहीत धरतात, आणि ते इथे नसतातच. असे प्रोग्राम चालवून देणारं निक्स-एलडी चालू करून, हव्या त्या लायब्ररी एकेक करून जोडल्या. तीन रात्री! फ्लेक्स, म्हणजे पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करून कॉन्फिगरेशन लिहायची नवी रीत, तिचं तर विचारूच नका: 2021 पासून लोक सर्रास वापरतात, कागदोपत्री अजून 'प्रायोगिक'. त्यामुळे एकाच गोष्टीच्या दोन-दोन रीती सापडतात.

आणि डेटा. दर मे आणि नोव्हेंबरला नवी आवृत्ती येते, तेव्हा जवळजवळ सगळंच नव्याने उतरतं. मोबाईलच्या दिवसाच्या दीड जीबीत ते कुठलं बसायला. भावाच्या ऑफिसात सीपीयू उचलून नेला होता. जुनी जनरेशनं साठून 120 जीबीची एसएसडीही भरते. नको असलेलं साफ करायला गार्बेज कलेक्ट मारायचं, पण नवीन आवृत्ती चार दिवस नीट चालल्यावरच. मी घाईत सगळी जुनी उडवली, मग मागे जायला काही उरलंच नाही.

दिवाळीत सेलूच्या भाच्याने फाईल नेली. हार्डवेअरची तेवढी त्याची वेगळी. संध्याकाळी फोन: "मामा, सगळं आलं, मराठीसुद्धा. पण लॉगिनला तुमचंच नाव का येतंय?"