पहिल्या भेटीसाठी वाईन: शिराझ की शेनिन ब्लां?

पहिल्या भेटीला वाईन मागवायची म्हटलं, तर पुण्या-मुंबईच्या मेनूकार्डांवर गाडी बहुतेक दोन नावांशी येऊन अडते: नाशिकची शिराझ ही रेड वाईन आणि नाशिकचीच शेनिन ब्लां ही व्हाइट. मी दोन्ही आवडीने पितो.

मटण सुक्कं किंवा सीख कबाब मागवणार असाल, तर शिराझच्या मिरीसारख्या वासाला तोड नाही. डिसेंबरात, उघड्या गच्चीवर तर ती खुलतेच. तिच्यातलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारं तुरट द्रव्य, तोंड कोरडं करतं. घासागणिक ते जाणवत नाही, पण पहिल्या भेटीत खाणं कमी आणि बोलणंच जास्त असतं.

तरी माझं मत शेनिनकडे झुकलं ते तापमानामुळे. रेड ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची, असं वेटरला शिकवलेलं असतं. ती रूम युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाटली काउंटरमागच्या फळीवर तापत असते. ग्लास नाकाशी नेला की फळाच्या आधी स्पिरिटचा भपकारा येतो. मग बर्फाची बादली मागवा, ती रेडसाठीच हवीय हे समजावून सांगा, वाट बघा. तेवढ्यात समोरची व्यक्ती मनातलं काही सांगू लागलेली असते आणि आपलं लक्ष बाटलीकडे. हे मला फार खटकतं.

शेनिन फ्रीजमधून थेट टेबलावर येते, ग्लासला बाहेरून दव धरलेलं. पेरू-अननसाचा वास, चव किंचित गोडसर पण आंबटपणा शाबूत. त्यामुळे वाईनची सवय नसलेल्यालाही ती जड जात नाही. कोळंबी कोळीवाड्याचं तिखट टॅनिनने आणखी भडकतं, शेनिन ते सांभाळून घेते. सुला या वाईन कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकला ही द्राक्षं लावली. आज साध्या रेस्टॉरंटातही ती सहसा मिळते आणि खिशालाही बरी पडते.

अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली चव आवडणाऱ्याला ती गोड वाटेल, हे मान्य. त्यांनी सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट बघावी. शिवाय ग्लासात रेंगाळून कोमट झाली की शेनिनचीही मजा जाते, म्हणून ग्लास अर्धाच भरून घ्यावा.

आणि शक्यतो बाटली न घेता ग्लासवरच मागवा. 750 मिली म्हणजे पाच ग्लास, पहिल्या भेटीला ते जास्तच होतात. गप्पा रंगल्या तर दुसरा ग्लास मागवता येतोच.