डिजिटल अर्थ टेस्टर: नऊ महिने वापरून झाल्यावर

गेल्या एप्रिलमध्ये गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. वायरमन आला, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब पेटवून दाखवला आणि "अर्थिंग एकदम ओके" म्हणून निघून गेला. बल्ब पेटणारच हो! तो ओढतो जेमतेम अर्धा अँपिअर. अर्थिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे करंट जमिनीत जायला होणारा अडथळा (जितका कमी तितका चांगला), २ ओहम असो की २०, उजेडात फरक दिसत नाही.

म्हणून हा अडथळा ओहममध्ये मोजणारा साडेआठ हजारांचा टेस्टर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

सोबत तीन वायरी येतात: हिरवी ५ मीटर, पिवळी १०, लाल १५. हिरवी आपल्या अर्थ रॉडला, लाल सगळ्यात लांबच्या खिळ्याला आणि पिवळी मधल्या खिळ्याला. हा मधला खिळा एकूण अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठोकायचा, म्हणजे १५ मीटरला सव्वानऊच्या आसपास. मग तो मीटरभर पुढे-मागे करून पाहायचं. आकडा फारसा हलला नाही तर मोजमाप खरं, हलला तर लाल खिळा अजून लांब न्यायचा. आमचं रो हाउस नाशिकला पाथर्डी फाट्याला, अंगणात १५ मीटर कुठून आणायचे? शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये खिळा ठोकत होतो तर समोरचे काका विचारतात, "काय भाऊ, बोअर मारताय का?"

पहिला आकडा आला ३.१ ओहम. मी खूश. मग लक्षात आलं, रॉडची वायर घराच्या अर्थपासून सोडवलीच नव्हती, म्हणजे पाण्याचे पाईप आणि शेजाऱ्यांची अर्थिंगही त्यात मोजली गेली होती. मेन स्विच बंद करून वायर काढली आणि परत मोजलं: २१.६. म्हणजे गिझरच्या बॉडीला पूर्ण फेज लागली तरी जमिनीत जाणार १०-११ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वाटणार, गिझर चालू आहे, चालू दे. त्याच आठवड्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (एवढा जरी करंट गळाला तरी लाइन तोडणारा स्विच) बसवला. खरं तर ते काम मोजण्याच्याही आधी व्हायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये, काहीही न करता, तोच रॉड ७.९ दाखवत होता. डिसेंबरात ११.४. आमच्याकडे चार फुटांवर मुरूम संपून काळा कातळ लागतो, त्यामुळे सगळा खेळ वरच्या ओलीचा. पावसाळ्यात मोजून "पास" म्हणणाऱ्यावर माझा आता विश्वास नाही. मग पहिल्या रॉडपासून तीन मीटरवर ड्रिल करून दुसरा कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड बेंटोनाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या मातीत, बसवला. दोन्ही मिळून ६.३. वायरमन मंडळी घरासाठी ५ धरतात, तिथे अजून पोचलो नाही.

आता तक्रारी. खिळे मऊ आहेत, मुरमात दोन वाकले. आता आधी पहारीने भोक पाडतो. फरशीवर खिळा आडवा ठेवून ओलं गोणपाट टाकलं तरी चालतं, हे मात्र पुस्तिकेत नाही. लाल वायरीचा चिमटा पाचव्या महिन्यात तुटला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नव्हे, इथल्या भद्रकालीतूनच ४० रुपयांत चांगला मिळाला. मशीनच्या आकड्यांबद्दल मात्र तक्रार नाही. एका जागी तीनदा मोजलं तर फरक पॉइंट एक-दोनचाच.

सध्या टेस्टर गल्लीतल्या चौथ्या घरी गेलाय. एप्रिलच्या आत परत मागायचाय, कडक उन्हात दोन्ही रॉड मोजायचे आहेत.